मदत हवी आहे: परीक्षा सव्वा महिन्यावर, इंजिनाला अजून हात लागला नाही

बाभूळवन
नमस्कार मंडळी. बस आगारात शिकाऊ म्हणून लागून साडेदहा महिने झाले. परीक्षा सव्वा महिन्यावर आली. आतापर्यंत स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर उतरवले, हब ग्रीसिंग केलं, गाडीखाली झोपून नट कसले. इंजिन उघडलेलं दोनदा पाहिलं, तेही लांबून. आयटीआयमध्ये दुसऱ्या वर्षी निदेशकाची जागा रिकामी होती, आम्ही जर्नल एकमेकांचं पाहून उतरवलं. प्रॅक्टिकलला टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आलं तर काय करू? कोणी नीट सांगा आणि लवकर सांगा. व्हिडिओची लिंक नको, सगळे पाहून झाले, हात चालत नाही तो नाहीच.

पूसकाठ
ट्रेड कोणता? डिझेल की मोटार मेकॅनिक? आगार कोणतं? गाड्या प्रदूषणाच्या जुन्या नियमाच्या (बीएस-३) आहेत की नव्या (बीएस-६)? हे न सांगता नीट सांगा म्हणतोस.

बाभूळवन
मोटार मेकॅनिक, दोन वर्षांचा. गाड्या दोन्ही आहेत. आगाराचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, पण मेकॅनिक मोजके. सकाळच्या फेऱ्या वेळेवर काढायच्या असतात, तेव्हा मला इंजिन कोण शिकवत बसणार?

नागपूरचा_संदीप
भाऊ, टॅपेट शिकून आता काय करशील? १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे ते नगर धावली, आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर शिवाई धावली, विजेवर. त्या गाडीत ना टॅपेट, ना इंजेक्टर, ना क्लच. आयटीआयमध्येही आता इलेक्ट्रिक व्हेईकलचा वेगळा ट्रेड आहे. तिकडे वळ. पाच वर्षांनी माझी आठवण काढशील.

निवृत्त_हेडमेकॅनिक
संदीपराव, पोराची परीक्षा सव्वा महिन्यावर आहे, पाच वर्षांवर नाही. आणि शिवाई भाडेकरारावरची गाडी, तिची देखभाल पुरवठादाराची माणसं करतात. आगारातल्या शिकाऊला तिचं बॉनेट तरी कोण उघडू देतं? उद्या नेर, दारव्हा, उमरखेडच्या खेड्यापाड्यांत जी लाल गाडी मुक्कामी जाणार ती डिझेलचीच आहे.

नागपूरचा_संदीप
म्हणूनच तर म्हणतो. आपल्या पोरांना नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज एवढंही कोणी सांगत नाही. गाड्या येतील आणि आपण टायरच बदलत राहू. याचं कोणालाच काही वाटत नाही का?

अकोल्याचा_वकील
एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितली नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१, कलम २२: प्रशिक्षण संपलेल्या शिकाऊंच्या भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं, नोकरी द्यायलाच हवी असं सरसकट बंधन नाही. पण १२ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर थेट आलेल्यापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावं. सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याचीही अट नाही. हा निकाल छापून जवळ ठेव. आणि कलम १५ प्रमाणे सरकारी शिकाऊ सल्लागाराच्या मंजुरीशिवाय शिकाऊकडून ओव्हरटाइम घेता येत नाही. घेतात का तुझ्याकडून?

बाभूळवन
वकीलसाहेब, आभारी आहे, पण मी नोकरीचं विचारलंच नाही. ओव्हरटाइमही नाही. मला टॅपेट येत नाही, एवढंच आहे.

वणीचा_ट्रकवाला
बीएस-६ चा विषय निघालाच हाय त विचारतो. माह्या ट्रकले धूर साफ कराले युरिया लागते. बाटला महाग पडते. कपाशीचा युरिया पाण्यात कालवून टाकला त चालन का?

पूसकाठ
नाही काका, चुकूनही टाकू नका. त्या टाकीतला युरिया ३२.५ टक्के असतो, शुद्ध, आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. शेतीच्या युरियाला कडुलिंबाचा लेप असतो. तो धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये बसला की गाडी ताकद सोडते आणि खर्च बाटल्याच्या शंभरपट होतो. नोझलवर पांढरी खपली दिसली तर ती कोमट पाण्याने काढा, तारेने खरवडू नका.

वणीचा_ट्रकवाला
बरं झालं विचारलं बाप्पा. शेजाऱ्यानं टाकायले सांगतलं होतं.

वर्धेची_निदेशिका
बाभूळवन भाऊ, मी स्वतः आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवते. तुमच्या निदेशकाची जागा रिकामी होती हे वाचून वाईट वाटलं, कारण त्या वर्षीचं नुकसान पोरं पुढे दहा वर्षं ओढतात. थिअरी संगणकावर होते, तिची काळजी करू नका. प्रॅक्टिकलला परीक्षक आधी तुमचं मोजमाप पाहतो: मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचता येतो का, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) कशी धरता, मोजायच्या आधी पान पुसता का. शिकाऊ डायरी भरली आहे का?

बाभूळवन
ताई, पहिले चार महिने भरली. नंतर रोज तेच पाटे, तेच टायर, म्हणून सोडून दिली.

वर्धेची_निदेशिका
आजपासून भरा. केलं तेवढंच लिहा. पाट्याचं काम असेल तर कितवा पाटा तुटला, सेंटर बोल्ट गेला होता का, हेही लिहा. परीक्षक त्यावरच विचारतो, आणि ते तर तुम्हाला येतं.

निवृत्त_हेडमेकॅनिक
पोरा, एक सांग. आगारात उतरवलेलं इंजिन आहे का? विभागीय कार्यशाळेत जायला थांबलेलं?

बाभूळवन
आहे ना काका. टायर सेक्शनच्या मागे ताडपत्रीखाली एक सहा सिलिंडरचं पडलं आहे, पंधरा दिवसांपासून. न्यायला गाडी मिळाली नाही म्हणे. ते भंगारच समजलो मी.

निवृत्त_हेडमेकॅनिक
अरे लेका, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं! माझं निम्मं शिक्षण अशाच इंजिनावर झालं. उद्या हेड मेकॅनिकला विचार, दुपारी गाड्या मार्गावर गेल्या की तासभर दे म्हण. नुसतं शिकवा म्हणशील तर कोणाला वेळ नसतो. ताडपत्री काढून, इंजिन पुसून, हेडकव्हर खोलून ठेव आणि मग विचार, "साहेब, हे बरोबर आहे का?" जुना मेकॅनिक थांबल्याशिवाय राहत नाही.

आता काम. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. जोड्या पाठ कर: १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. फ्लायव्हील टॉमीने (लोखंडी दांड्याने) सावकाश फिरव. ६ चे दोन्ही व्हॉल्व्ह हलताना दिसतील, एक्झॉस्ट मिटतो आहे आणि इनटेक उघडतो आहे. तिथे थांब. आता १ चे दोन्ही टॅपेट मोकळे, ते सेट कर. मग २ हलताना ५, ४ हलताना ३, असं पुढे. गॅप किती ते इंजिनावरच्या पट्टीवर नाहीतर पुस्तकात पाहा, कोणाच्या तोंडचं धरू नको. इनटेक आणि एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं.

पूसकाठ
काका, एवढा वेळ कशाला? १ नंबर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून निम्मे व्हॉल्व्ह, एक पूर्ण फेरा देऊन उरलेले निम्मे. दोन फेऱ्यांत बारा होतात. परीक्षेत वेळ वाचतो.

निवृत्त_हेडमेकॅनिक
तुम्हाला येतं म्हणून वाचतो. नवीन पोरगा कोणते निम्मे ते विसरला की सगळंच चुकतं. आधी जोड्यांनी, एकेक. हातात बसलं की मग दोन फेऱ्या.

वर्धेची_निदेशिका
मी काकांच्या बाजूने. परीक्षकाला क्रम सांगता आला पाहिजे, आणि जोड्यांच्या पद्धतीत तो आपोआप सांगता येतो.

नागपूरचा_संदीप
ठीक आहे, टॅपेट शीक. पण नारिंगी केबलचंही वाच रे.

बाभूळवन
चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. हेड मेकॅनिक साहेबांनी परवानगी दिली. पहिल्या दिवशी फ्लायव्हील हललंच नाही, इंजेक्टर काढून थोडं तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी फिरलं. ६ हलताना १ मोकळा झालेला डोळ्यांनी पाहिला. एवढी वर्षं जर्नलमध्ये त्याचं चित्र काढत होतो. कालपर्यंत आठ टॅपेट केले. साहेब जेवण आटोपून येऊन उभे राहिले, दोन माझ्याकडून पुन्हा करवून घेतले.

एक अडतंय. लॉकनट घट्ट केला की गॅप बदलतो. आणि गेज किती अडकली पाहिजे तेही कळत नाही.

निवृत्त_हेडमेकॅनिक
डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी धरून ठेव, हलू देऊ नको, आणि उजव्याने रिंगपान्याने नट आवळ. मग गेज पुन्हा घाल, न चुकता. ती घसटत निघाली पाहिजे, दोन कोऱ्या पानांमधून कागद ओढल्यासारखी. सहज निघाली तर ढिला, ढकलावी लागली तर घट्ट. पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) बोटांनी फिरवून पाहा, फिरली पाहिजे. उरलेले चार झाले की लिही.