विहीर मार्चलाच आटतीय, ५०० फूट बोर मारू काय?

माळावरचा_गडी:
राम राम मंडळी. गाव करवीरच्या पश्चिमेला, रान टेकाच्या पायथ्याला. वरनं मुरूम, खाली काळा फत्तर. विहीर ४५ फूट, आज्ज्यानं काढलेली. दोन एकर ऊस हाय, दिवाळीपतोर मोटर दिवसभर चालतीय पण मार्च आला की दोन तासात पाणी खाली जाऊन फुटव्हॉल्व (पाईपच्या तळाची झडप) उघडा. शेजाऱ्यानं औंदा बांधाला लागून बोर मारली, ३८० ला दोन इंच पाणी. पाणाड्या नारळ घेऊन फिरला, म्हंतोय ५०० ला नदी हाय. पैसे सोसायटीचं उचलायचं हाईत म्हणून विचारतोय.

काळा_फत्तर:
भावा नदीबिदी काय नसती खाली. आपला खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक. पाणी राहतं मुरमात, मांजऱ्यात (मऊ, भोकाभोकाचा खडक) नाहीतर भेगांत, घट्ट फत्तर थेंब धरत नाही, आणि जितकं खाली जाशील तितक्या भेगा कमी होत जातात. ५०० ला लागलं तरी भरून यायला वाट कुठाय त्याला? त्यापेक्षा मोटर बंद करून दोरीला गाठी मार आणि तासाला किती चढतंय ते लिही. झरा कुठल्या अंगानं येतोय तेबी उतरून बग. बाजूच्या भेगेतनं येत असंल तर त्याच अंगाला आडवी बोर मारून बघता येतं, खर्चबी कमी. आणि ६० मीटरच्या खाली गेलास की २००९ च्या भूजल कायद्यात ती खोल विहीर धरतात, ते आधी विचारून घे.

कागलकर:
आमी मारली की ४२० फूट. केसिंग (बोरच्या वरच्या भागात बसवायचा पाईप) घातलं वीस फूट, पैसे वाचवायला. पाणी लागल्यावर पेढे वाटले आणि दीड महिन्यात शेजारची आमचीच विहीर कोरडी!! मुरमातलं पाणी केसिंगच्या खालनं बोरात उतरत हुतं, म्हंजे आपलंच पाणी ४०० फुटावर सोडून परत वर ओढत बसलोय 😄 केसिंग मुरूम, मांजऱ्या सगळा सोडून घट्ट फत्तरात बसाय पायजे.

शिरोळचा_ऊसवाला:
तुमी पाणी शोधताय, आमच्यात पाट सोडून सोडून रान क्षारपड झालंय, आता जमिनीत पाईप पुरून पाणी बाहेर काढतोय. पाचट जाळू नको, सरीत आंथर, आणि ठिबक कर. दोन एकराला तुझी विहीर पुरंल न पुरंल, पण मार्चचं मे तरी हुईल.

माळावरचा_गडी:
काल रातभर मोटर बंद ठेवली. बारा तासात दोन फूट चढलं. उतरून बगितलं, झरा २५ फुटावर, शेजाऱ्याच्या बांधाच्या अंगानं, पण गेल्या साली बोटभर धार हुती ती आता नुसती पाझरतीय.

काळा_फत्तर:
शेजाऱ्याला त्याच्या बोरला केसिंग किती घातलंय इचार.

माळावरचा_गडी:
इचारलं. वीस फूट म्हंतोय.