पैठणी पदर उलटा करून घ्या
नवरीची पैठणी बस्त्याच्या दिवशीच उरकावी का? माझं मत, नको. दोन्हीकडची मंडळी गादीवर बसली की आहेराच्या साड्यांतच दिवस जातो, त्यात एखाद्या मामीचं रुसणं वेगळंच. आधी निवांत पैठणला जाऊन या, संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. पदर उलटा करून बघा: हातमागावर विणलेले मोर, मुनिया (पोपटाची नक्षी) मागूनही तसेच स्वच्छ दिसतात, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे असतात. सिल्क मार्कचं लेबल मागाच, पण ते रेशमाची हमी देतं, हातमागाची नाही. मनातला रंग विणून हवा असेल तर महिने लागू शकतात. आणि ब्लाऊज शिवणारी लग्नसराईत फोनसुद्धा उचलत नाही, तिला आत्ताच गाठा.