भूलतज्ज्ञ साहाय्यकांना परवाना कशासाठी?

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ साहाय्यक, म्हणजे भूल देण्यात भूलतज्ज्ञ डॉक्टरांना मदत करणारे प्रशिक्षित कर्मचारी, नेहमी या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करतात, मग राज्याने त्यांना वेगळा परवाना का द्यावा, असा प्रश्न वर आला आहे. माझ्या मते परवाना हवाच.

या साहाय्यकांचे पहिले अभ्यासक्रम 1969 साली अटलांटाच्या एमरी आणि क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात सुरू झाले. आज पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा दोन्ही आहेत; परंतु प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. टेक्साससारख्या राज्यात हे साहाय्यक दीर्घकाळ डॉक्टरांनी सोपवलेल्या अधिकारावर काम करत आले. अशा व्यवस्थेत जबाबदारी डॉक्टरांवर येते, पण साहाय्यकाची थेट चौकशी करून त्याला कामावरून दूर ठेवण्याचा आधार राज्याकडे तोकडा पडतो.

देखरेख म्हणजे सतत शेजारी असणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या नियमांनुसार एक भूलतज्ज्ञ एकाच वेळी जास्तीत जास्त 4 रुग्णांच्या भुलेचे निर्देशन करू शकतो. महत्त्वाच्या टप्प्यांवर त्याने हजर असावे लागते, मात्र एरवी रुग्णाच्या उशाशी साहाय्यकच असतो. श्वासनलिकेतील नळी निसटली, तर कॅप्नोग्राफ या उच्छ्वास मोजणाऱ्या यंत्रावरील कार्बन डायऑक्साइडची रेषा आधी सपाट होते आणि ऑक्सिजनचा आकडा नंतर घसरतो. त्या मधल्या वेळात ज्याने निर्णय घ्यायचा, त्याचे नाव राज्याच्या नोंदवहीत असू नये काय?

भूल देणाऱ्या परिचारिकांच्या संघटनांचा आक्षेप आहे की, भूलतज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या ग्रामीण रुग्णालयांना या साहाय्यकांचा उपयोग नाही. ते खरे आहे, पण तो नेमणुकीचा प्रश्न झाला. परवाना नाकारण्याचे ते कारण ठरत नाही.