आधी पी.डी. बघा
नंबराचा कागद हातात असला की चष्मा ऑनलाइन मागवायला काहीच हरकत नाही, असं बरेच जण म्हणतात. कमी नंबराला ते चालून जातं. खरी गोम पी.डी.मध्ये आहे, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. कागदावर बरेचदा ते लिहिलेलंच नसतं. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश वाकवून समोरचं चित्र बाजूला सरकवते. उणे ६ नंबराला मध्य ४ मिलिमीटर सरकला की २.४ प्रिझम डायॉप्टरचं (हे प्रिझमच्या ताकदीचं माप) प्रिझम तयार होतं. उणे १ ला जेमतेम ०.४. म्हणूनच एकाला ऑनलाइन चष्मा झकास लागतो आणि दुसऱ्याचं डोकं ठणकतं. दोघंही खरंच सांगत असतात.

प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असेल तर मी तरी दुकानातच जाईन. तिथे फ्रेम नाकावर चढवून बाहुली नेमकी कुठे येते याची खूण डमी काचेवर पेनाने करतात. बाहुलीची ती उंची सेल्फीवरून अचूक मिळणं कठीण.

फ्रेमचं माप मात्र सोपं. जुन्या चष्म्याच्या काडीवर आतून ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ते जुळवूनच मागवा, नाहीतर चष्मा सारखा घसरतो (आणि दुसरीकडून घेतलेली काडी वाकवून देताना दुकानदार नाक मुरडतो, ते वेगळंच).