मदत हवी आहे: रत्नागिरीच्या खडपात दिसलेली रंगीत समुद्री गोगलगाय कोणत्या कुळातली?

नमस्कार मंडळी,

आम्ही गावातली काही मुलं मिळून रत्नागिरीजवळच्या खडपातल्या जिवांची नोंदवही करतोय. अमावास्येच्या ओहोटीला एका डबक्यात ही सापडली. बोटाच्या पेराएवढी, पाठीवर शंख नाही, अंग फिकट आणि त्यावर जांभळे ठिपके. डोक्याशी दोन शिंगं, मागच्या बाजूला पाठीवर कल्ल्यांचा झुबका. हाताची सावली पडली की झुबका गडप होतो, पाठ गुळगुळीत दिसते. जरा वेळ थांबलं की एकेक पाकळी पुन्हा बाहेर येते. फार देखणा जीव आहे.

वाचनावरून क्रोमोडोरिडिडी कुळ वाटतंय. ते पक्कं कसं करायचं? आणि या कुळातल्या बाकीच्या शोधायच्या तर खडपात नेमकं कुठे बघायचं? नोंद चुकीची जाऊ नये अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १:
झुबका आत ओढून घेते हे तुम्ही टिपलंत, ते फार कामाचं आहे. या कुळात कल्ले पाठीवरच्या खळग्यात पूर्ण आत जातात. फायलिडिडी कुळातल्या गोगलगायींना पाठीवर झुबकाच नसतो, त्यांचे कल्ले अंगाच्या कडेखाली असतात. रंगीत चपटे कृमीही फसवतात, पण ते कागदासारखे पातळ असतात आणि त्यांना कल्ले नसतात.

कुठे बघायचं? स्पंज (खडकाला चिकटून राहणारा समुद्री जीव) शोधा. हे कुळ स्पंजावर जगतं, बऱ्याच प्रजाती तर ठरावीक स्पंजच खातात. त्या स्पंजातली कडू, विषारी द्रव्यं त्या अंगाच्या कडेच्या ग्रंथींत साठवतात; म्हणून शंख नसूनही मासे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. कातळाच्या कपारी, पुढे आलेल्या दगडांची खालची बाजू, जिथे ऊन पोचत नाही आणि ओहोटीतही ओल राहते, तिथे स्पंज असतो. दगड उलटा केलात तर होता तसाच ठेवा, नाहीतर खालचं सगळं उन्हानं मरतं. आसपास फितीची गुंडाळी दिसली तर ती अंडी असू शकतात, त्यांना हात लावू नका.

उष्ण समुद्रात, विशेषतः हिंदी आणि प्रशांत महासागरात, हे कुळ भरपूर पसरलंय. आपल्याकडची ठळक नोंद म्हणजे गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. विंकवर्थ यांनी १९४६ साली मुंबईच्या किनाऱ्यावरून तिचं वर्णन केलं, तेव्हा ती क्रोमोडोरिस या वंशात (कुळाखालच्या गटात) होती. तुमची तीच आहे असं नुसत्या ठिपक्यांवरून मी म्हणणार नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार दादा! फोटो आहेत, पण पाण्याबाहेर काढलेले. चालतील का?

प्रतिसाद १:
नाही चालणार. पाण्याबाहेर ती नुसता गोळा होते, कल्ले दिसतच नाहीत. पुढच्या उधाणाच्या ओहोटीला डबक्यातच राहू द्या आणि वरून, बाजूनं, असे फोटो घ्या. शिंगांचा रंग, कल्ल्यांचा रंग आणि अंगाची कडा स्पष्ट हवी. शेजारचा स्पंजही फोटोत घ्या. ते इथे टाका, मग प्रजातीचं बघू.