प्रत्येक प्रश्नाला लगेच मोबाईल काढायची सवय कशी मोडावी?

चांदणवेल:
परवा गप्पांत विषय निघाला, उंटाच्या कुबडात नक्की असतं काय? एकजण तर्क लढवत होता: पाणी असेल तर ते हिंदकळणार नाही का, मग उंट पळेल कसा? मस्त रंगत चाललं होतं. तेवढ्यात दुसऱ्यानं शोधून वाचून दाखवलं, "चरबी असते." विषय संपला. मला तो तर्क पुढे ऐकायचा होता.

हात माझाही तसाच जातो. आणि दिवसभर वाचलेल्यातलं रात्री काही आठवत नाही. कामामुळे फोन लांब ठेवता येत नाही. तुम्ही काय करता?

वाटसरू:
कागदावर प्रश्न लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी एकदाच बघायचं. निम्मे प्रश्न तोवर बघावेसेही वाटत नाहीत. मात्र औषध, विषबाधा असल्या गोष्टींत थांबायचं नाही. तिथे सर्चही नको, सरळ डॉक्टर.

जुनी_वही:
मी शोधते, पण आधी माझा अंदाज कारणासकट लिहिते. उगवता चंद्र एवढा मोठा का दिसतो? मी लिहिलं होतं, क्षितिजाजवळची हवा भिंगासारखी वागत असेल. लिहिल्यावर लगेच सुचलं की हे मोजून बघता येईल. हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरली, एक डोळा मिटला. नखामागे चंद्र पुरता झाकला गेला. तो वर चढल्यावर पुन्हा धरली, तर तसाच झाकला गेला! म्हणजे चंद्र वाढतच नाही, आपल्याला तसं भासतं.

मग वाचायला बसले. आकाशात चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश, करंगळीची साधारण एक अंश. उलट डोक्यावरचा चंद्र क्षितिजावरच्या चंद्रापेक्षा पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६४०० किमीने जास्त जवळ असतो, त्यामुळे मोजला तर तोच किंचित मोठा भरतो. आणि हा भास का होतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण वाचण्याआधी मी त्यात गुंतले होते.

कॉर्नेल, हेज आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. आधी अंदाज करून चुकलेल्यांना खरं उत्तर जास्त लक्षात राहिलं, नुसतं उत्तर वाचणाऱ्यांना कमी. येल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगांत आणखी एक दिसलं, आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं. इंटरनेटवर शोधून आलेल्या लोकांना भलत्याच विषयांतलंही आपल्याला जास्त कळतं असं वाटू लागलं.

चांदणवेल:
अंदाज लिहायचं पटलं, आजपासून करते. पण एखादं नाव अगदी ओठांवर असतं आणि येत नाही, तेव्हा? तिथेही ताणायचं का?

जुनी_वही:
तिथे नाही. मॅकमास्टर विद्यापीठातल्या २००८ च्या प्रयोगात शब्द अडल्यावर ज्यांना जास्त वेळ तसंच ठेवलं, ते पुढच्या वेळी त्याच शब्दावर जास्त अडखळले. नावात तर्काला जागाही नसते. थोडा वेळ द्या, नाहीच आलं तर बघा आणि मोठ्यानं म्हणा. थांबायचं ते "का" आणि "कसं" विचारणाऱ्या प्रश्नांपाशी. तुमचा तो उंटवाला मित्र पुढे काय म्हणणार होता, ते मात्र त्याला विचारून इथे लिहा.