२०४ चा जुना कॉम्प्युटर (सोसायटीच्या ग्रुपवर; आकडे म्हणजे फ्लॅट नंबर)

२०४: राम राम मंडळी. बाबांचा १९९५ चा ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. पंखा फिरते, स्क्रीनवर काहीच नाही. कॅबिनेट तेच ठेवून आत नवा मदरबोर्ड टाकीन म्हणतो. बर्डीच्या बाजारात मिळन का कोणाकडे?

४०१ काका: थांब. कीबोर्डच्या पिनेजवळ बारक्या पिंपासारखी निळी बॅटरी आहे का पाहा.

२०४: आहे ना. हिरवी बुरशी चढली तिच्यावर. शेजारच्या बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा काळ्या पडल्या.

४०१ काका: गळली ती. आतलं अल्कली तांबं खाते. कापून काढ, कापसाच्या काडीनं पांढरं व्हिनेगर लाव, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस. रेषा तुटल्या असतील तर मग बोर्डाचं पाहू.

१०३ काकू: टाकी भरली का हो? कूलर कोरडा फिरून राहिला.

सेक्रेटरी: मोटार चालू आहे ताई.

३०२: दादा, आजचाच बोर्ड टाक ना त्यात, झंझट नाही.

४०१ काका: कुठं बसन बाप्पा? ते एटी, म्हणजे जुन्या मापाचं कॅबिनेट आहे. मागं कीबोर्डचं एक गोल भोक, एटीएक्सची, म्हणजे नंतरच्या मापाच्या बोर्डाची पोर्टांची पट्टी कशी बाहेर काढशीन? बेबी एटी, म्हणजे एटीचाच लहान बोर्ड पाहिजे, सॉकेट ७ नावाच्या प्रोसेसरच्या खाचेचा. पेंटियम बसते, काहींवर एएमडीचा के६-२ पण. जुन्या कार्डांचे आयएसए स्लॉट असते, म्हणजे जुनं साउंड कार्डही चालते. त्याच्यापुढं गेलास की तो बाबांचा कॉम्प्युटर राहत नाही, नुसता डबा राहते.

२०४: हार्डडिस्क तीच चालन? ५४० एमबीची आहे, बाबांचे हिशोब त्यात आहेत.

४०१ काका: आयडीईची, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची आहे, चालते. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ऑटो डिटेक्ट कर. फाईली आधी कॉपी कर मात्र.

आणि ऐक, समोरच्या चालू-बंदच्या बटणात थेट २३० व्होल्ट येतात. एटीएक्सचं बटण नुसता इशारा देते, हे तसं नाही. प्लग काढल्याबिगर हात लावू नको. पॉवर सप्लायचे पी८ आणि पी९ हे दोन प्लग बोर्डाला लावताना काळ्या वायरी मधात, एकमेकींजवळ. १९९७ मध्ये मी उलटे लावले होते एका गिऱ्हाईकाचे. बोर्ड गेला, पैसे मीच भरले.

३०२: 😂 काका!

४०१ काका: हसू नको बे. संध्याकाळी मल्टीमीटर घेऊन येतो.

१०३ काकू: या, पण तो डबा जिन्यातून उचला आधी. दुपारी ठेच लागली मला.

२०४: उचलला काकू.